आमचे एक भाकीत

गुंजवण्यास आम्ही गेली वीस-बावीस वर्षे जात आहो. नसरापूर सोडून मार्गासनी, साखर अशी वाट धरली की राजगड समोर येतो. पूर्वी आम्ही चोरदरवाजाने गडावर चढत असू. आता गुडघे नको म्हणतात. तेव्हा पायथ्याच्या एका घरच्या ओसरीवर बसून इतरांचे चढणे पाहावे, पिठले-भाकरी खावी आणि परतावे, एवढाच आमचा गिर्यारोहणाचा कार्यक्रम उरला आहे. या घराशी आमचा ऋणानुबंध जुना. तेथील थोरला मुलगा पुण्यास कॉलेजात शिकतो. तो आमचा विद्यार्थी नव्हे, परंतु आम्हांस 'सर' म्हणतो आणि आम्ही बोलू ते प्रमाण मानतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हकीकत २०२२ च्या जानेवारीतली. त्या वर्षी स्त्रियांच्या फुटबॉलचा आशियाई चषक आपल्याकडे भरला होता. त्यासाठी नेमलेली तिन्ही क्रीडांगणे महाराष्ट्रातलीच: नव्या मुंबईचे डी. वाय. पाटील, अंधेरीचे, आणि आमच्या पुण्याचे बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या बालेवाडीत जपान आणि कोरियाच्या मुली खेळावयास येणार, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटले होते. पण साथीमुळे प्रेक्षकांना मज्जाव. यजमानांची दशा तर त्याहून शोचनीय झाली. भारताच्या मुलींनी २० जानेवारीस इराणशी बरोबरी केली, आणि २३ तारखेस चिनी तैपेईशी गाठ पडायची तो इतक्या जणी करोनाने आजारी निघाल्या की, मैदानात उतरण्यापुरता संघही जुळेना. भारत स्पर्धेतूनच गेला. मांडव आपला, पंगत आपली, आणि यजमान तेवढा अंथरुणावर!

पंगत मात्र चालू राहिली. आणि जिथे टाळी वाजवायला माणूस नाही तिथल्या सामन्यावरही दूरच्या गावात पैसा लागू शकतो, हे ज्ञान आम्हांस त्यापायीच झाले.

शनिवार, २९ जानेवारी. कॉलेजे बंद असल्याने मुलगा घरीच होता. आमच्यापुढे चहा ठेवून तो म्हणाला, "सर, उद्या बालेवाडीला ऑस्ट्रेलिया आणि कोरिया. कोण जिंकंल?"

कोरियाचा एकही सामना आम्ही पाहिला नव्हता. तसे सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे झाले असते. पण 'ठाऊक नाही' हे दोन शब्द तीस वर्षांच्या अध्यापनात आमच्या जिभेवरून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. आम्ही व्याख्यान आरंभिले. ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियावर १८ गोल केले, त्यांतील ५ एकट्या सॅम करचे. फिलिपाइन्सवर ४, थायलंडवर २. कोरियाला जपानशी बरोबरीवर समाधान मानावे लागले. सबब निष्कर्ष उघड आहे. "अरे, यात विचारण्यासारखे काय आहे?" असे शेवटी म्हणून आम्ही चहाचा पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोरियाला पूर्वार्धात मिळालेली पेनल्टीही वाया गेली. तरी ऑस्ट्रेलियाला गोल करता येईना. मग ८७ व्या मिनिटाला जी सो-युन हिने लांबून असा काही चेंडू मारला की सामना तिथेच संपला. कोरिया १, ऑस्ट्रेलिया ०. आम्ही घरी बसून हे पाहिले आणि, खरे सांगावयाचे तर, खूष झालो. आपले भाकीत चुकले याचे आम्हांस यत्किंचितही दुःख झाले नाही. व्हावे कशाला? आमचे त्यात काहीच गेले नव्हते.

गेले होते ते त्या मुलाचे. भात विकून आलेल्या पैशांतून बापाने त्याला परीक्षेच्या शुल्कासाठी चार हजार रुपये दिले होते. ते त्याने फोनवरूनच कोणा सट्टेवाल्याकडे आमच्या निष्कर्षावर लावले. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा त्याच्या आईने हे सांगितले. मुलगा ओसरीकडे फिरकला नाही.

आपल्या कायद्याची गंमत अशी की, रेसच्या मैदानात परवान्याने घोड्यावर पैसे लावता येतात. फुटबॉलवर लावले तर तो जुगार. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने पुढे २०२५ मध्ये केला. पण आम्हांस त्या रात्री छळले ते सट्टेवाल्याच्या गणिताने. दोन बाजू अगदी तुल्यबळ असल्या तरी तो शंभराला शंभर कधी देत नाही. नव्वद देतो, आणि मधले दहा कोणीही जिंको, त्याचेच राहतात. ज्याचा विजय सर्वांना निश्चित वाटतो त्याचा भाव तर फारच पडतो. समजा, शंभर लावून वीसच सुटायचे आहेत. मग पाच वेळा बरोबर ठरावे तेव्हा एका चुकीची कशीबशी भरपाई होते. सहांपैकी पाच वेळा ज्याचे म्हणणे खरे ठरते त्याला आमच्या व्यवसायात मोठा विद्वान समजतात. सट्ट्याच्या बाजारात त्याच्या पदरात एक पैसाही उरत नाही.

निघताना आम्ही पाकीट काढले. आमच्या यजमानांनी आमचा हात धरला.

"नको, सर. तुमचं काय त्यात? तुम्ही काय पैसे लावा म्हणाला नव्हता. तुम्ही नुसतं सांगितलं."

त्यांनी हे आमचा संकोच घालवण्यासाठीच म्हटले, याविषयी आम्हांस शंका नाही. परत येताना नसरापूरपर्यंत तो 'नुसतं' शब्द गाडीत आमच्या शेजारी बसून होता.

दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीस, नव्या मुंबईत अंतिम सामना होता: कोरिया आणि चीन. मध्यंतरापर्यंत कोरियाने दोन गोल केले होते, चीनने एकही नाही. इतक्यात फोन वाजला.

"सर, राग नाही ना आला? पैसे नाही लावलेत. नुसतं विचारतो. आता कोरियाच ना?"

आमचे मत तयार होते. कोरियाच. ते आम्ही मोठ्या कष्टाने गिळले आणि अभ्यास कुठवर आला म्हणून विचारले. तो जरा हिरमुसला. परीक्षेचे पैसे मामाने भरल्याचे त्याने सांगितले आणि फोन ठेवला.

उत्तरार्धात चीनने दोन्ही गोल फेडले, आणि भरपाईच्या वेळेत तिसरा करून चषक नेला.