हेब्रिडीज : दहा बेटांची सायकलसफर

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात, दक्षिणोत्तर पसरलेली बेटांची एक माळ आहे. तिला आउटर हेब्रिडीज म्हणतात. व्हॅटरसे या दक्षिणेकडच्या चिमुकल्या बेटापासून उत्तर टोकाच्या 'बट ऑफ लुइस' दीपगृहापर्यंत २९७ किलोमीटरचा सायकलमार्ग या बेटांवरून जातो. 'हेब्रिडियन वे' हे त्याचं नाव. वाटेत दहा बेटं लागतात. काही बेटं समुद्रात दगडांचा भराव घालून बांधलेल्या रस्त्यांनी जोडली आहेत, आणि दोन ठिकाणी सायकलसह बोटीत चढावं लागतं.

ग्लासगोला आमच्या नात्यातलं घर आहे. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली तसे आम्ही नवरा-बायको तिकडे गेलो आणि मेअखेरीस दहा दिवस या वाटेवर काढले. चाळिशी ओलांडलेल्या दोन शिक्षकांना हे झेपेल का, अशी शंका घरच्यांना होती. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, मध्ये भरपूर थांबे, असा बेत केला तर झेपतं.

ग्लासगोहून रेल्वेने ओबन गाठायचं. तिथून बोटीने साधारण पावणेपाच तासांत बॅरा बेटावरचं कॅसलबे येतं. सायकलीचं वेगळं भाडं पडत नाही. बहुतेक जण ही वाट दक्षिणेकडून उत्तरेकडे करतात, कारण वारा बहुधा नैऋत्येकडून येतो आणि पाठीवर राहतो. या बेटांवर झाडं फार कमी. वाऱ्याला अडवायला काहीच नाही, त्यामुळे तो पाठीवर असणं म्हणजे अर्धी मेहनत वाचणं.

बॅराचा विमानतळ पाहण्यासारखा आहे. धावपट्टी म्हणजे समुद्राची पुळण! भरती-ओहोटी पाहून विमानांचं वेळापत्रक ठरतं. पुढे बोटीने एरिस्के, मग भरावावरून साउथ यूइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ यूइस्ट. रस्ते बहुतेक एकपदरी. ठरावीक अंतरावर बाजूला थोडी रुंद जागा ठेवलेली असते. समोरून गाडी आली की एकाने तिथे थांबायचं, दुसऱ्याने जायचं, आणि जाताना दोघांनी हात वर करून आभार मानायचे. आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात. भरावांवर पाट्या दिसतात : सावकाश, इथे पाणमांजरं रस्ता ओलांडतात.

पश्चिम किनाऱ्याची जमीन निराळीच आहे. शंखशिंपल्यांचा चुरा झालेली वाळू वाऱ्याने आत येते, त्यातला चुना तिथल्या आंबट मातीला गोड करतो, आणि हिरवं, सपाट कुरण तयार होतं. शेतकरी त्यात खत म्हणून समुद्रशेवाळ पसरतात. जून-जुलैत हे कुरण रानफुलांनी भरून जातं. त्याला गेलिक भाषेत 'माख़र' म्हणतात. उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला इथे एक मौज वाटली. माख़र, लॉख़ (म्हणजे तळं किंवा खाडी) या शब्दांतला घशातला उच्चार थेट आपल्या 'ख़े'चा आहे. तो नीट करता आला म्हणून एका दुकानदार आजींनी आम्हाला शाबासकी दिली!

त्या कुरणांवरच आमच्या नमाजा झाल्या. मुसाफिर म्हणून कसर होतीच. घरी आपण पश्चिमेकडे तोंड करतो, इथे किब्ला आग्नेयेकडे येतो. वेळाही सवयीच्या नाहीत. मेअखेरीस मगरिब रात्री दहानंतर होते आणि त्यापुढे आकाश पुरतं काळं होतच नाही, उत्तरेकडे उजेडाची कड राहते. इशा आणि फजरच्या वेळा इथे उलेमांनी ठरवून दिलेल्या अंदाजाने पाळाव्या लागतात. उन्हाळ्यातला रोजा इथे अठरा तासांहून मोठा होतो, हे लक्षात आलं तेव्हा आपल्याकडचे रोजे एकदम सोपे वाटू लागले.

या वाटेवर आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. बॅरा, एरिस्के, साउथ यूइस्ट ही दक्षिणेची बेटं कॅथलिक. साउथ यूइस्टवर डोंगराच्या उतारावर हजरत मरियम आणि बाळ ईसा यांचा उंच पुतळा १९५७पासून उभा आहे, आणि रस्त्याच्या कडेलाही मरियमच्या लहान देवळ्या दिसतात. बेनबेक्युलात दोन्ही पंथांचे लोक एकत्र राहतात. नॉर्थ यूइस्टपासून पुढे कडक प्रोटेस्टंट परंपरा सुरू होते. तिथे पुतळे नाहीत, चर्चच्या भिंती कोऱ्या. मोटारीतून जाणाऱ्याला हा बदल जाणवणारही नाही. सायकलवर मात्र प्रत्येक गाव भेटतं.

बर्नरेहून तासाभराची बोट हॅरिसला आणते. लस्कंटायरची पांढरी पुळण आणि निळंहिरवं पाणी पाहून कोकणातला माणूसही थबकेल. पण याच हॅरिसच्या पूर्वेला नुसता खडक आहे. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी पश्चिमेची सुपीक जमीन रिकामी करवली आणि कुटुंबांना त्या खडकांत ढकललं. तिथे माणूस पुरण्याइतकीही माती नव्हती. मयत खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर दफनासाठी आणावी लागे. ती वाट आजही आहे.

हॅरिस ट्वीड हे कापड इथलंच. १९९३च्या कायद्याप्रमाणे ते या बेटांवरच्या लोकांनी, स्वतःच्या घरी, हातापायांच्या बळावरच विणलेलं असावं लागतं. एका घरात आम्ही माग पाहिला. विणकर सायकलसारखं पायडल मारत होता! मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्यांना हा ठेका ओळखीचा वाटतो, फक्त इथे मोटर नाही.

शनिवारी संध्याकाळी टार्बर्टजवळ एका घरात मुक्काम होता. हॅरिस आणि लुइसमध्ये रविवार हा प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस म्हणून फार निष्ठेने पाळतात. बहुतेक दुकानं बंद, दोरीवर कपडे वाळत घालत नाहीत. स्टॉर्नोवेहून रविवारी प्रवासी बोट सुटू लागली तीच २००९मध्ये, आणि तीही मोठ्या वादानंतर. रविवारी सायकल चालवायला आम्हाला कुणी मनाई केली नव्हती. आमचे दिवस मोजके होते आणि एक दिवस थांबलो तर लुइसमध्ये घाई होणार होती. आम्ही दोघांनी विचार केला : जुम्याच्या वेळी आपल्या मोहल्ल्यातून कुणी सायकलची घंटी वाजवत गेला तर गुन्हा होत नाही, पण तो थांबला तर आपल्याला बरं वाटतं. आम्ही थांबलो. दुपारी चर्चहून परतल्यावर घरमालकीणबाईंनी आदल्या दिवशी केलेलं भाज्यांचं सूप आणून दिलं. त्यात मांस नाही, हे न विचारता सांगितलं.

सोमवारी क्लिशम डोंगराच्या कडेचा चढ, बराचसा पायी. मग लुइस. दोहोंकडे पीटच्या काळ्या दलदली, तीच माती कापून, वाळवून लोक चुलीत जाळत आले. कॅलनिशला सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उभे केलेले दगड आहेत. गुरुवारी दीपगृह गाठलं, अल्हम्दुलिल्लाह, आणि जुम्यासाठी स्टॉर्नोवेला आलो.

इथे १९३०च्या दशकात पंजाबातून आलेले काही मुसलमान दारोदार कपडे विकत. त्यांच्या पुढच्या पिढ्या गेलिक बोलतात. ऐंशीएक वर्षं नमाज घरांतच होत असे. मे २०१८मध्ये, रमजानच्या तोंडावर, एक पडीक इमारत दुरुस्त करून बेटांवरची पहिली मस्जिद उघडली. विरोध करणारे होते, पण शहरातल्या अनेक ख्रिश्चनांनी देणग्या दिल्या, स्वागत केलं. रविवार इतक्या कसोशीने पाळणाऱ्या गावात जुम्याला जागा मिळाली. आपला दिवस जपणाऱ्याला दुसऱ्याच्या दिवसाची किंमत कळते, असं आम्हाला तिथे सफेत बसल्यावर वाटलं. आपल्या वर्गातल्या मुलांना सांगण्यासारखी एवढी एक गोष्ट या सफरीतून आणली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. मे-जून उत्तम, पुढे चावरे बारीक डास वाढतात. वारा-पाऊस अडवणारं जाकीट हवंच. हिजाबवर हेल्मेट नीट बसतं, पातळ सुती ओढणी घ्यावी. हलाल मांसाची खात्री नसेल तिथे मासे, अंडी, बटाटे आणि ओटची बिस्किटं यांवर छान निभावतं. हॉवमोर आणि बर्नरेला गवती छपराच्या जुन्या घरांत स्वस्त वसतिगृहं आहेत. आणि हॅरिस-लुइसमध्ये असाल तर रविवारचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवावं.