चिपीला जाताना

विमानाच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात मुंबई ते चिपी १ तास २५ मिनिटं होती. ११.३५ला सुटणार, १ वाजता पोचणार. डोंबिवलीकर हे वाचून हुरळायचा. एवढ्या वेळात आमची मजल कधीकधी सीएसएमटीपर्यंतच जाते. आकाशातून अंतर ३५० किलोमीटरच्या आसपास. दिव्याहून कुडाळ रुळावरून साडेचारशेच्या घरात.

९ ऑक्टोबर २०२१ला चिपीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा आमच्या सोसायटीतले मालवणी ‘सकाळचा चहा इथे, दुपारची पेज गावात’ असे बेत करत होते. (चर्चा मात्र विमानापेक्षा ठाकरे-राणे एका मंचावर आल्याची जास्त झाली.) मी गेलो पुढच्या वर्षी, थंडीत.

सातच्या सुमाराची फास्ट. सॅक पोटाशी, एक हात वर कडीला. घाटकोपरला माणसांच्या लोंढ्यानेच मला उतरवलं. मग मेट्रो, मग रिक्षा. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी पडून आहे, तिथूनच उडता आलं असतं तर, हा विचार दरवेळी येतो. पण त्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून शेतकरी २०१७ला रस्त्यावर उतरले होते, त्यामुळे हे स्वप्न मी मोठ्याने सांगत नाही.

विमान एटीआर, पंख्यांचं. चढायचं मागच्या दाराने, सामान पुढे, वैमानिकाच्या पाठीमागे. दार लागलं, पंखे फिरू लागले आणि आम्ही रांगेत उभे राहिलो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असलं की दुसरीला थांबावंच लागतं. घर सोडून चार तासांहून जास्त झाले होते आणि मी अजून अंधेरीतच होतो. छापलेली वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, हे तेव्हा नीट उमगलं. एटीआर ताशी पाचशेच्या आसपास जातं, म्हणजे नुसतं अंतर कापायला पाऊण तास पुरतो. उरलेला वेळ रांगेचा, चढण्या-उतरण्याचा आणि वळणांचा.

पण तो पाऊण तास! एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खाली बघायला काही आड येत नाही. एकामागून एक खाड्या जमिनीत शिरलेल्या, कडेला खाजणांचे तुकडे, मुखाशी वाळूचा दांडा. सागरी रस्ता एवढे हेलपाटे का घालतो आणि दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत का चढावं लागतं, याचं उत्तर वरून एका नजरेत मिळतं. मी नकाशे आवडीने बघतो, पण हा नकाशा हलत होता. शेजारचे काका टेकऑफपासून झोपलेले. त्यांना उठवावंसं फार वाटलं.

चिपी म्हणजे सडा. धावपट्टीच्या कडेला पिवळं पडलेलं गवत, मध्ये उघडा काळपट कातळ. बाहेर एसटी नाही. कुडाळ पंचवीसेक किलोमीटर. रिक्षावाल्याने सॅक मागे टाकली आणि म्हणाला, “रेल्वेन इला असतात तर कुडाळाकच उतारला असतात.”

कुडाळात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. दारापासून दारापर्यंत साडेसात तासांच्या वर. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या याहून फार जास्त घेत नाही, आणि तिच्यात झोप होते. परतीचं विमान दुपारचं. म्हणजे घाटकोपरला ऐन संध्याकाळी, सॅकसकट, कल्याण फास्टसमोर. मी कोकणकन्याचंच तिकीट काढलं. ती पहाटे ठाण्याला सोडते, आणि त्या वेळच्या कर्जत लोकलमध्ये बसायला जागा असते.