दहावीच्या टक्क्यांत न दिसणारी बदली

शिक्षकांच्या बदल्यांनी मुलांचं फारसं बिघडत नाही, असं मी बरीच वर्षं ठामपणे सांगत आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी गणित शिकवते. पुरावा म्हणून माझ्याकडे दहावीचा निकाल असे. 2012 मध्ये कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं, तेव्हापासून कोकण राज्यात पहिलं. 2024 मध्ये राज्याचा निकाल 95.81 टक्के लागला, कोकणाचा 99.01. आणि याच कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांमधून आंतरजिल्हा बदलीच्या एकेका फेरीत शेकडो शिक्षक आपापल्या जिल्ह्यात परततात. मग नुकसान कुठे आहे, असं मी विचारी.

आता वाटतं, मी ते भलत्याच ठिकाणी शोधत होते. आमच्याकडे दहावीला बसणारी बहुतेक मुलं खाजगी संस्थांच्या हायस्कुलांतली. तिथे लागलेला शिक्षक बहुधा तिथूनच निवृत्त होतो. मुलाच्या थोरल्या भावंडांना, कधी आईलाही त्यानेच शिकवलेलं असतं. बदल्यांचा फटका बसतो तो त्याआधी, प्राथमिक शाळेत. ज्या निकालाच्या जोरावर मी बदल्यांची बाजू मांडत होते, तो निकाल वर्षानुवर्षं एका जागी राहिलेल्या शिक्षकांचा होता.

शिवाय टक्के किती सहज हलतात, हेही पाहिलं. राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 होता, 2019 मध्ये 77.10 वर आला आणि 2020 मध्ये 95.30 वर गेला. मधल्या वर्षी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. शिक्षक तेच होते.

नुकसान दिसतं ते आठवीत. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर घातली की काही मुलं थबकतात. विचारलं तर कळतं, तिसरीत गुरुजी कार्यमुक्त झाले, मग शेजारच्या शाळेतले कोणी कामगिरीवर येत, चौथीत नवीन बाई रुजू झाल्या. लसावि कसा काढायचा ते त्या मुलांना पाठ असतं, कशासाठी काढायचा ते कुणी बसून सांगितलेलं नसतं. अशा मुलांना आम्ही जादा तास घेऊन, अंतर्गत गुणांचा आधार देऊन दहावी पार करवतो. निकालपत्रकात ती उत्तीर्णच असतात. अकरावीला मात्र विज्ञानाचं नाव काढत नाहीत.

न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांची ये-जा जास्त असली की भाषा आणि गणित दोन्हींत मुलं मागे पडतात, असं त्यात आढळलं. ज्यांचा शिक्षक शाळा सोडून गेला नाही, त्या मुलांवरही परिणाम दिसला. मला हे लगेच पटलं. दोन शिक्षकांच्या शाळेतला एक गेला की उरलेल्याच्या गळ्यात चारही वर्ग आणि सगळी कागदपत्रं येतात.

बदलीचा हक्क काढून घ्यावा, असं मी आजही म्हणणार नाही. नवरा सिंधुदुर्गात आणि बायको जालन्यात, असे संसार मी जवळून पाहिलेत. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने बदल्या संगणकावर आणल्या, तेव्हा वशिल्याला चाप बसेल म्हणून मला आनंद झाला होता. आजही त्या पद्धतीच्या मी बाजूने आहे. पण बदलीवर येणारा शिक्षक रुजू झाल्याशिवाय जाणाऱ्याला सोडू नये, हे आता मी आग्रहाने मांडते. 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर बोलवायचं ठरलं. वर्ग उघडे राहिले, हे मोलाचं. पण तिसरीच्या मुलाला पाचवीपर्यंत सोबत करणारं माणूस त्यातून मिळत नाही.

भरतीत स्थानिक डीएडधारकांना प्राधान्य द्या, ही इथली जुनी मागणी. ते टिकतील, हे मला दिसतं. गुणवत्ता यादीत वर असलेल्या परभणीच्या मुलीला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं, हे मात्र माझं अजून ठरलेलं नाही.