माळ्यावरचा पाळणा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण गोड होतं. नात पहिल्या बाळंतपणासाठी दापोड्याला माहेरी आली होती.

ती सातव्या महिन्यात आली आणि मी माळ्यावरचा पाळणा खाली काढला. १९७४ साली मुलाच्या जन्माच्या वेळी सुताराकडून करून घेतलेला. सागवानी, गोल दांड्यांचा, पितळी साखळ्यांचा. तेव्हा त्याला झगझगीत पिवळा ऑईलपेंट दिला होता. १९९८ साली नात झाली तेव्हा त्यावरच हिरवा चढवला. मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला त्रास घेता? बटण दाबलं की नवा पाळणा येईल, तोही आपल्याच वेशीवरच्या गोदामातून!" खरं आहे. भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली. म्हणून तर मला हा पाळणा हवा होता. जुनं असं उरलंय तरी काय?

ओटीवर बसून पॉलिश पेपरने घासायला लागलो. हिरव्याखालून पिवळा निघाला. अर्ध्या तासात ओटीभर भुकटी झाली. नात चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. ती रसायनशास्त्राची पदवीधर.

"आबा, घासू नका. जुना पिवळा रंग आहे, त्यात शिसं असणार."

मी हसलो. म्हटलं, "अगं, रंग आहे, शेंदूर आहे का?"

"शेंदूरसुद्धा शिशाचाच असतो, आबा."

मी गप्प झालो. दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! तो शेंदूर कशाचा, हे कधी विचारलं नाही.

मग तिने समजावलं. रंग झळकावा, लवकर वाळावा म्हणून पूर्वी त्यात शिशाची संयुगं घालत. जुन्या ऑईलपेंटमध्ये दहा लाख भागांत हजारो भाग शिसं सापडतं. आपल्याकडे २०१६ साली नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत ही मर्यादा ९० भागांवर आली. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात चार-पाच पट जास्त भिनतं, आणि आईकडून पोटातल्या बाळापर्यंतही पोचतं. मेंदूवर परिणाम होतो. अमुक इतकं चालतं, अशी सुरक्षित पातळीच नाही.

आणि मी ती भुकटी उडवत होतो, ती दोन जिवांची असताना!

तिला मागच्या खोलीत पाठवलं. केरसुणी लावली असती तर भुकटी आणखी उडाली असती, म्हणून तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्यांनी ओटी तीनदा पुसली. फडकी पिशवीत बांधून टाकली, माझे कपडे वेगळे धुतले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, नातीचं रक्त तपासलं. रिपोर्ट चांगला आला. पण तो येईपर्यंतचे चार दिवस मला घास गोड लागला नाही.

पाळण्याच्या कठड्यावर बारीक दातांच्या खुणा आहेत. काही मुलाच्या, काही नातीच्या. या खुणा मी कौतुकाने पाहुण्यांना दाखवायचो. नातीला म्हणालो, "तुम्हाला तर काही झालं नाही ना?" ती म्हणाली, "आबा, झालं असतं तरी आपल्याला कळलं असतं का?"

हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. चौतीस वर्षं शिकवलं. शेवटच्या बाकावरच्या, लक्ष न लागणाऱ्या मुलांना मी "ढ" म्हणालोय, एखाद्याला छडीही दिली आहे. त्यातल्या कोणाच्या घरी काय होतं, मला काय ठाऊक? असो.

नव्या लाकडाचा पाळणा करून घेतला. रंग पाण्यात मिसळणारा आणला, डब्यावर शिशाचं प्रमाण ९० च्या आत असल्याचं वाचूनच. अंगणात, मोकळ्या हवेत मीच दोन पातळ हात दिले, आणि डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त दिवस, वास पूर्ण जाईपर्यंत वाळवला. पितळी साखळ्यांना कधी रंग लागला नव्हता. त्या चिंचेने घासून नव्या पाळण्याला लावल्या.

जुना पाळणा बंबात घालणार होतो, पण जाळला तर शिसं धुरातून घरभर जातं. दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे त्याच्या बाळाच्या तोंडात देणं. म्हणून तो प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून परत माळ्यावर ठेवलाय.

पणती दीड महिन्याची झाली. साखळ्यांचा आवाज तोच आहे, ५० वर्षांपूर्वीचा.

मंडळी, तुमच्याही माळ्यावर असा पाळणा असेल. प्रेमाने खाली काढा, पण घासायला बसू नका.