बॅनर धरणाऱ्यांनाही बोलू दे

धुळे, सोमवार

चि. मनू हिस,


काल तुझा फोन ठेवल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. “मावशी, नीट मराठी बोलणारी पोरं बोलायला घेतली, बाकीच्यांना बॅनर धरायला लावलं,” हे किती सहज म्हणालीस! वर फोटोही पाठवलास. चोपड्याच्या रस्त्यावर मतदार जागृतीची फेरी, माईक वकिलांच्या मुलाकडे, आणि तुझ्या वसतिगृहातल्या दोघी पावरा आदिवासी मुली बॅनरच्या काठ्या धरून. एकीची ओढणी काठीत अडकलेली, पण सोडवायला हात मोकळा नाही. अशी कशी व माय तू?

आणि मलाच विचारतेस, पोरांना लोकशाहीची गोडी कशी लावू! अगं, नंदुरबार आठव. तेव्हा ते आपल्या पश्चिम खानदेशातच होतं. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन निघाला, पंधरा वर्षांचं पोर. घोषणा गुजरातीत, घरात बोलायचा तीच भाषा. आधी शुद्ध बोलायला शीक, असं कुणी म्हटलं नाही त्याला. शशिधर केतकर, लालदास, धनसुखलाल, घनश्याम, सगळे एकाच झेंड्यामागे होते. गोळीबारात पाचही गेले.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी पुन्हा सांगते. फेऱ्या पुरे, पोरांना ग्रामसभेत ने. गावच्या मतदार यादीत नाव आलं की मुलगी ग्रामसभेची सदस्य झाली, तिला कुणी निवडून द्यावं लागत नाही. तुमच्या चोपडा, यावल, रावेरकडची सातपुड्यातली कितीतरी गावं आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात येतात. तिथे योजनेचे लाभार्थी ठरवायचा हक्क ग्रामसभेचा आहे. घरकुलाच्या यादीत शेजारच्या म्हातारीचं नाव का नाही, हे त्या मुलीने पावरीत विचारावं, मैत्रिणीने मराठीत सांगावं, ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहावं. लिहून झाल्यावर वाचून दाखवा म्हणावं! अहिराणी बोलणाऱ्या पोरांनी अहिराणीत विचारावं. उर्दू शाळेतून आलेल्या शहरातल्या मुलींना नगरपालिका आहे, गटारीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहावा.

मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घेताना मात्र घाई करू नकोस. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आता आगाऊ अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाली का, हे मोजायच्या वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पण पत्ता कुठला घालताय? वसतिगृहाचा घातला तर मत चोपड्यात पडेल आणि गावच्या ग्रामसभेतला हक्क जाईल. हे त्यांना समजावून सांग, मग ठरवू दे त्यांचं त्यांना.

मला खरी काळजी पुढची आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला पाड्यावरची किती घरं ऊसतोडीला गेलेली असतात! मागे राहतात म्हातारे आणि तुझ्या वसतिगृहातली ही पोरं. तीही गप्प बसली तर त्या घरांची बाजू मांडायची कुणी? आणि पोर बोललीच, तर “तुला काय कळतं” म्हणून तिला खाली बसवणारेही असतील. म्हणून पहिल्या सभेला तू सोबत जा. तिच्याऐवजी बोलू नकोस, नुसती शेजारी बस. नंतर गावात तिला कुणी त्रास दिला, तर मला लगेच कळव. गुडघे दुखत असले तरी मी एस.टी.ने येईन.

तुझी,
धुळ्याची मावशी