सढळ हात

भोरच्या घराच्या पडवीत मी पहिली कयाक बांधली तेव्हा माझं एक ठाम मत होतं: फायबरच्या कामात रेझिनची कंजुषी करायची नाही. जितकं ओतू तितकी होडी पक्की. दाखलाही मोठा होता. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ‘म्हादेई’ लाकूड आणि फायबरग्लासचीच. ती घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मला तर भाटघर धरणाच्या पाण्यात दोन तास फिरायचं होतं!

४ मिलिमीटरच्या प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवल्या, सांधे भुसा कालवलेल्या इपॉक्सीने भरले. इथवर ठीक. मग काचेचं कापड अंथरून त्यावर सढळ हाताने इपॉक्सी रिचवलं. जुलै होता, पाऊस धरून होता. लवकर वाळावं म्हणून हार्डनरही जरा जास्तच घातला. दुसऱ्या दिवशी तळावर मेणचट पापुद्रा. दमट हवेत इपॉक्सीवर असा थर येतो. तो आधी पाण्याने, भांड्यांच्या घासणीने धुवायचा असतो. मी थेट पॉलिश पेपर मारला आणि ती घाण तळभर फासली.

तरी मत बदललं नाही. दोष पावसाला दिला.

मे महिन्यात भाटघरचं पाणी इतकं ओसरतं की एरवी बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. गाडी उभी केली तिथून पाणी पार लांब, मध्ये भेगाळलेला गाळ. कयाक ३४ किलोची. सोबत वेल्ह्याचे सुतारकाका होते (तालुक्याचं नाव आता राजगड, काका वेल्हेच म्हणतात). त्यांनी एक टोक उचललं, परत ठेवलं आणि विचारलं, “एकट्यानं न्यायचीय नव्हं तुम्हाला?”

घरी येऊन टोकाजवळचा तुकडा करवतीने कापला. कापड लाकडाला टेकलेलंच नव्हतं. रेझिनच्या डबक्यावर तरंगत वर आलं होतं. तुकडा वाकवला तर वरचा नुसत्या रेझिनचा थर तडकला, कापड शाबूत. ताकद कापडाची होती. रेझिनने फक्त धागे एकमेकांना आणि लाकडाला धरून ठेवायचे. हाताने केलेल्या कामात ते साधारण कापडाच्या वजनाइतकं पुरतं. विणीतले खळगे नंतर पातळ हातांनी भरायचे.

दुसरी कयाक फेब्रुवारीत केली. रेझिन आणि हार्डनर काट्यावर तोलले आणि मिश्रण लगेच परातीत पसरलं, कारण डब्यात साठून राहिलं की ते आपल्याच उष्णतेने तापून गोठतं. लावलं दुपार कलल्यावर. लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगून बुडबुडे येतात. निवत असताना ते रेझिन आत ओढतं. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने जादा रेझिन निपटून रद्दीवर पुसत गेलो. खरं सांगतो, विकत आणलेलं रेझिन असं फेकताना जीव तुटत होता. कापड पारदर्शक झालं, वीण मात्र दिसत राहिली, तिथे हात आवरला.

ही भरली २१ किलो.

पहिली परसात पालथी आहे, तिच्याखाली कोंबड्या बसतात. कुणाला हवी असेल तर फुकट न्या, पण उचलायला दोघं या.