अर्धे घाट

नगर शहरात राहणाऱ्या माणसाला चढ म्हणजे उड्डाणपूल. त्यामुळे “मावशी, या हिवाळ्यात अकोल्याचे घाट करू; जमेल तिथे सायकलवर, नाही तिथे पायी,” असं भाचा म्हणाला, तेव्हा मी हो म्हणून टाकलं आणि रात्री नकाशा उघडून बसले. बसले ती चक्रावलेच. लागाचा घाट, करोली घाट, चोंढे घाट, पाथरा घाट, टोलार खिंड, कात्राबाईची खिंड. काहींवरून सडक गेलेली, काहींवर तुटक रेघ, काहींच्या जागी नुसतं नाव आणि रस्त्याचा पत्ता नाही. चंदनापुरी घाटातून एसटीने कितीदा तरी गेले आहे, पण खिडकीशी बसून घाट पाहणं वेगळं आणि तो आपल्या मांड्यांनी मोजणं वेगळं, एवढी अक्कल तेव्हाही होती.

सराव त्याच चंदनापुरीत झाला. संगमनेरच्या दक्षिणेला नाशिक-पुणे महामार्गावरचा हा घाट आता चांगला रुंद आहे, म्हणून शिकाऊ माणसाला बरा, असं भाच्याचं मत. रुंद रस्त्याची गंमत अशी की चढ डोळ्यांना दिसतच नाही. समोर सरळ डांबर आणि पाय मात्र जड होत चाललेले. मागच्या चाकाची हवा जातेय असं वाटून मी उतरले, टायर दाबून पाहिला. चांगला टणक होता.

“हवा टायरची नाही, तुझी चाललीये,” भाचा म्हणाला.

मग त्याने शिकवायला घेतलं. चढ लागल्यावर गिअर बदलायचा नाही, लागायच्या आधी हलका करून ठेवायचा. पायांवर पूर्ण भार आल्यावर बदलायला गेलं की साखळी कडकडते, कधी निसटते. वेग कितीही मरू दे, पाय एकाच लयीत फिरत राहिले पाहिजेत. उतारावर ब्रेक सलग आवळून धरायचे नाहीत. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, नाहीतर रिम तापते. मागून येणारा ट्रक हॉर्न देतो तो आपल्याला हाकलायला नाही, ‘मी आलोय’ एवढंच सांगायला, हेही त्यातच आलं. त्यावर मात्र माझा अजून विश्वास नाही.

हा डोंगर मध्येच का आडवा आलाय, हा माझा प्रश्न होता. उत्तर नकाशातच होतं, पण मला ते वाचता येत नव्हतं. सह्याद्री उत्तर-दक्षिण उभा आहे, आणि उभ्या धरलेल्या फणीचे दात निघावेत तशा त्याच्या तीन रांगा नगर जिल्ह्यात पूर्वेकडे शिरल्या आहेत: वर कळसूबाईची, मधे बालेश्वरची, खाली हरिश्चंद्रगडाची. पहिल्या दोन रांगांमधून प्रवरा वाहते, पुढच्या दोन रांगांमधून मुळा. चंदनापुरीला आपण बालेश्वरची रांग ओलांडतो, म्हणजे प्रवरेच्या खोऱ्यातून मुळेच्या खोऱ्यात उतरतो. एवढं कळल्यावर निम्मा नकाशा बोलायला लागला. डांबरी सडक असलेले बहुतेक घाट असे एका नदीकडून दुसऱ्या नदीकडे जाणारे निघाले. त्यांना चढ आहे, माथा आहे आणि पलीकडे फुकटचा उतार आहे. सायकलवाल्याला आणखी काय हवं!

त्या हिशेबाने पुढची फेरी ठरली. अकोल्याहून कोतूळ, तिथून ब्राह्मणवाडा, आणि लागाचा घाट चढून जुन्नर तालुक्यातलं ओतूर. कोतूळला मुळा ओलांडेपर्यंत मी बोलत होते. ब्राह्मणवाड्यानंतर बोलणं बंद झालं आणि घाट लागल्यावर विचारही बंद झाला. फक्त पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. माथ्यावर पोहोचले तेव्हा तो माथा आहे हेही भाच्याने सांगावं लागलं. मला वाटलं होतं, काहीतरी भव्य दिसेल. तिथे रस्ता, वारा आणि सुकायला लागलेलं गवत.

“इथून मागे पडलेला पाऊस गोदावरीला जातो, आणि पुढे पडलेला भीमेला,” तो म्हणाला.

मी बाटलीतलं पाणी तोंडावर मारता मारता थांबले. हरिश्चंद्रगडाची ही रांग म्हणजे दोन मोठ्या खोऱ्यांची हद्द. ब्राह्मणवाड्याचं पाणी मुळेतून प्रवरेत आणि पुढे गोदावरीत. ओतूरचं पाणी कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेत. शेवटी दोन्ही बंगालच्या उपसागरालाच मिळतात, पण शेकडो कोस लांबून, वेगवेगळ्या वाटांनी. हे डोक्यात ठेवून ओतूरचा उतार उतरताना मी ब्रेक दाबायचा-सोडायचा नियम प्रथमच नीट पाळला.

ओतूरहून कल्याण रस्त्याने पश्चिमेला गेलं की खुबी फाटा, आणि पिंपळगाव जोग्याच्या पाण्याकडेने आत खिरेश्वर. इथे सायकली एका घराच्या ओट्याला साखळीने बांधल्या, पायात साधे बूट घातले आणि टोलार खिंडीची वाट धरली. रांग तीच, पाणलोटाची हद्दही तीच, फक्त इथे सडक नाही. झाडीतून, दगडांवरून वाट चढत जाते. सायकलवर तयार झालेले पाय चालताना उपयोगी पडतील हा माझा समज पहिल्या अर्ध्या तासातच विरला. सायकलला लागतात मांड्या. इथे पोटऱ्या, घोटे आणि मुख्य म्हणजे डोळे लागतात. प्रत्येक पाऊल कुठे ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं.

खिंडीत वाघ कोरलेली शिळा आहे. मी तिच्यासमोर उकिडवी बसून बराच वेळ पाहत होते. पाऊस-वाऱ्याने कोरीव काम झिजलंय, तरी जनावर ओळखू येतं. सह्याद्रीत रानातल्या वाटांवर वाघोबाला असं बसवलेलं असतं. जाणारा-येणारा हात जोडतो आणि पुढे जातो. खिंडीतून डावीकडची वाट कातळ चढून हरिश्चंद्रगडावर जाते आणि सरळ गेलं तर आपण अकोले तालुक्यातल्या कोथळ्याला उतरतो. म्हणजे पूर्वीच्या माणसाला सडकेची गरजच नव्हती. त्याचा हा हमरस्ताच होता.

खरा गोंधळ मात्र साम्रदला उडाला. भंडारदऱ्याच्या धरणाभोवती सडक फिरते: शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. हे धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या मागच्या पाण्याकडेने सायकल चालवताना छोटे चढउतार सोडले तर घाट असा लागतच नाही. उजवीकडे अलंग-मदन-कुलंग, पुढे रतनगड. नकाशात करोली घाट जवळ येत चाललेला आणि मी मनाची तयारी करत्येय की आता चढ येणार. चढ आलाच नाही. गाव आलं, गावापुढे थोडं रान आणि त्यापुढे जमीन संपलेली. खाली कोकण.

वाटाड्या म्हणून आलेले मामा माझ्या सायकलीकडे बघून म्हणाले, “ही ऱ्हाऊ द्या इथंच. हा घाट पायाचा हाय.”

“पण मामा, चढ कुठाय?”

“चढ उद्या. येताना.”

एवढ्या दोन शब्दांत त्यांनी मला सह्याद्री समजावला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचं हे पठार. त्याची पश्चिमेची बाजू कड्याने तुटली आहे आणि पूर्वेकडची हळूहळू उतरत गेली आहे. देशावरून येणारा माणूस त्या उतारानेच, नकळत वर येत असतो. नगरपासून साम्रदपर्यंतच्या प्रवासात मी घाट चढतच आले होते, फक्त तो इतका पसरट होता की जाणवला नाही. कोकणातल्या आखूड, वेगवान ओढ्यांनी कडा कुरतडून जिथे खाच पाडली तिथे माणसांनी वाट शोधली. देशावरच्या माणसाच्या वाट्याला अशा घाटाची एकच बाजू येते: आधी उतार, मग चढ.

करोली घाटाने आम्ही शहापूर तालुक्यातल्या डेहण्याकडे उतरलो. ओढ्याचे गोटे, मधे कातळ, घसरणारा मुरूम. गुडघे बोलायला लागले. मामा मात्र चपलांवर, हातात कोयता घेऊन, माझी वाट पाहत मधूनमधून बसत. वर वळून पाहिलं की बाण सुळका उभा, आणि आपण तिथून आलो यावर विश्वास बसेना. रात्री मामांच्या सोयऱ्यांकडे भाकरी-पिठलं खाऊन पडलो. सकाळी उभा चढ. पाचशे-सहाशे मीटर सरळ वर, आणि सुरुवातीच्या उत्साहाची शिल्लक कालच खर्च झालेली. कड्याच्या घाटात उतरताना निम्मंच बळ वापरायचं, हे कुणी मला आदल्या दिवशी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

परतताना घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाबद्दल भाच्याने सांगितलं. क्षमता २५० मेगावॉट. विजेची मागणी वाढली की वरच्या धरणाचं पाणी सुमारे चारशे मीटर खाली चोंढ्याच्या बाजूला सोडून वीज करतात, आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते. मी म्हटलं, माझाही हिशेब तोच आहे.

फ्रान्समध्ये १९७२ पासून सायकलवाल्यांचा एक क्लब आहे. शंभर खिंडी ओलांडलेल्यालाच तिथे सभासदत्व मिळतं, आणि त्यातल्या पाच तरी २,००० मीटरच्या वर हव्यात. आपलं कळसूबाईचं शिखरच १,६४६ मीटर. म्हणजे उभ्या महाराष्ट्रात फिरून कुणी त्या क्लबात जाऊ शकणार नाही. तेव्हा आम्ही आमचा वेगळा नियम केला आहे. नदीकडून नदीकडे जाणारा घाट माथा ओलांडला की धरायचा. कड्याचा घाट मात्र उतरून परत वर आल्याशिवाय धरायचा नाही. डेहण्याला उतरून आसनगावहून लोकल पकडणाऱ्याला अर्धेच गुण. भाच्याला हा नियम फार कडक वाटतो, कारण पुढे कुमशेतचा पाथरा घाट आहे आणि तिथे त्याला लोकलनेच परतायचं होतं.